रांगेतली हाक

बाबांना पुरलं त्या दिवशी मी रडले नाही. दातांचा डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. दफनानंतर गावच्या खाणावळीत सगळे जेवायला बसले तेव्हा मी सूप वाढलं, पाव कापला, कोणाला वाइन हवी ते विचारलं. झोरा आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "त्रास नाही झाला गं त्याला. पडला आणि गेला. असं मरण मागून मिळत नाही."

समोर माझा भाऊ द्रेयत्स बसला होता. त्याने ताटाला हात लावला नव्हता. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले सकाळी पडले, चारच्या पुढेमागे गेले. सहा तास, आत्या. न्हाणीघराच्या फरशीवर. दोरी हाताशी होती."

"अरे, शुद्ध नसेल."

"शुद्ध होती. फरशीवरचा टॉवेल ओढून त्यांनी पायांवर घेतला होता." मग माझ्याकडे बघून तो हळू बोलला, "त्यांनी दोरी ओढलीच नाही, मिलोयका. ओढली असती तर माझा फोन वाजला असता. मला हाक मारण्यापेक्षा त्यांनी मरण पत्करलं."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस. सूप घे."

ती दोरी मीच बसवली होती. आमच्या क्रास पठारावरची घरं दगडी, भिंती हातभर नव्हे, चांगल्या दोन हात जाड. त्यातून मोबाइल धड चालत नाही, तर बिनतारी बटण काय चालणार? म्हणून एका छोट्या कंपनीने म्हाताऱ्या माणसांसाठी एक यंत्र काढलं होतं. न्हाणीघरातल्या सॉकेटमध्ये एक डबी, तिला दोरी. दोरी ओढली की निरोप घरातल्याच विजेच्या तारांतून दारापाशी ठेवलेल्या दुसऱ्या डबीकडे जायचा आणि ती फोन लावायची. पहिला फोन द्रेयत्सला, मोबाइलवर आणि घरच्या फोनवरही. तो त्याच अंगणातल्या खालच्या घरात राहतो, वरच्या घरात बाबा एकटे. दोन्ही घरांची वीज एकच.

आणि ते यंत्र तपासून पास करणारी बाई मीच. राजधानीत, ल्युब्लियानातल्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी हेच करते. तारांतून वीज जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण निरोपही जातात, आणि कोणी कोणत्या वारंवारतेच्या पट्ट्यात बोलायचं हे सगळ्या युरोपात वाटून दिलेलं आहे. खालचा मोठा पट्टा वीजवाल्यांचा, त्यांच्या मीटरांसाठी. वर घरातल्या सामानाचे. त्यातला एकशे पंचवीस ते एकशे चाळीस किलोहर्ट्झचा पट्टा शिस्तीचा. तिथे बोलण्याआधी ऐकायचं. कोणी बोलत असेल तर थांबायचं. आपली पाळी आली की जास्तीत जास्त एक सेकंद बोलायचं आणि गप्प बसायचं, म्हणजे दुसऱ्याला संधी मिळते. त्याच्या वर एक चिमुकला पट्टा आहे, एकशे साडेअठ्ठेचाळीसपर्यंत. तो धोक्याचा इशारा देणाऱ्या यंत्रांसाठी राखलेला. तिथे रांग नाही.

या दोरीचं यंत्र पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा ते त्या वरच्या पट्ट्यात बोलत होतं. कंपनीचे मालक झ्वोन्को स्वतः घेऊन आले होते. साठीचा माणूस, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं, बरोबर बायकोने केलेला अक्रोडाचा केक. मी केक बाजूला ठेवला आणि कागद वाचला. एकदा ओढली तर दिवा लागतो, दोनदा ओढली तर स्वयंपाकघरात जेवणाची घंटा वाजते, धरून ठेवली तर मदतीला फोन.

मी म्हटलं, "झ्वोन्कोसाहेब, दिवा लावणं हा धोक्याचा इशारा आहे का?"

"नाही हो. पण म्हाताऱ्यांना आवडतं. नुसत्या मरणाच्या दोरीला कोणी हात लावत नाही. दिवा लागतो म्हटलं की सवय होते."

"मग हे घरगुती सामान झालं. राखीव पट्टा नाही मिळणार. दिवा आणि घंटा काढा, नाहीतर खालच्या पट्ट्यात या आणि पाळीने बोला."

"अहो बाई, ही पडलेल्या माणसाची हाक आहे. तिला कसली रांग लावता? तुमच्या घराला आग लागली तर तुम्ही नंबराची चिठ्ठी घेणार का?"

"आगीच्या बंबाने आइस्क्रीम विकायला सुरुवात केली तर त्यालाही चिठ्ठी घ्यावी लागेल," मी म्हटलं. माझा सहकारी शेजारच्या टेबलावरून हसला. मला ते वाक्य फार आवडलं होतं. पुढे कितीतरी दिवस मी ते लोकांना सांगत होते.

झ्वोन्को दोन महिन्यांनी परत आले, यंत्र खालच्या पट्ट्यात आणून. मी ते आमच्या स्वच्छ तारेवर लावलं. त्यावर दुसरं काही नसतं, नदीकाठच्या पहाटेसारखी शांत. यंत्र ऐकायचं, थांबायचं, सेकंदभर बोलायचं, गप्प बसायचं. पट्टा कोणी अडवून धरला तर किती वेळ थांबायचं, हे नियमात नव्हतं. यंत्र थांबतच राहायचं. मी शिक्का मारला. नियमावर बोट ठेवून काम करते अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता. त्या शरद ऋतूत एक यंत्र विकत घेऊन मी बाबांच्या न्हाणीघरात बसवलं. बाबांनी दोनदा दोरी ओढली, घंटा वाजली, आणि ते म्हणाले, "वा. आता चर्चची नोकरी मिळाली मला."

दफनानंतर आठव्या दिवशी प्रार्थना असते, तिला मी पुन्हा गावी गेले. येताना प्रयोगशाळेतला मोजणीचा रिसीव्हर आणला होता. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या हातांना दुसरं काही करता येत नव्हतं. दारात पायताणं काढली, पाहुण्यांच्या खोक्यातल्या चपला घातल्या आणि रिसीव्हर बाबांच्या न्हाणीघरात सॉकेटला लावला. भोंग्यातून एकसुरी, कर्कश शीळ ऐकू आली. एकशे तीस किलोहर्ट्झच्या आसपास. न थांबणारी.

मी द्रेयत्सला हाक मारली आणि फ्यूजच्या पेटीपाशी उभं केलं. आमच्या कामाची जुनी रीत आहे. एक जण ऐकतो, दुसरा एकेक फ्यूज पाडतो, आवाज मेला की चोर सापडला.

"स्वयंपाकघर," तो ओरडला.

"आहे अजून."

"वरची खोली."

"आहे."

"पंपाची लाइन."

"आहे."

"मांसाची कोठडी."

शीळ बंद झाली. इतकी शांतता झाली की न्हाणीघरातला नळ ठिबकताना ऐकू आला.

"मेली का गं?" द्रेयत्स आत डोकावला. "काय आहे ते?"

"तुझा पंखा."

"पंख्याचं काय?"

"काही नाही. शिट्टी वाजवतो. स्वस्तातला रेग्युलेटर आहे त्याचा." मी रिसीव्हर पेटीत भरला. दोरीची डबीही सॉकेटमधून काढून पेटीत टाकली.

त्या पंख्यावरूनच बाबांचं आणि द्रेयत्सचं फाटलं होतं. आमच्याकडे डुकराची अख्खी मांडी मिठात मुरवून महिनोन्महिने वाळवतात, आणि वाळवतो तो उत्तरेचा वारा, बुर्या. बाबा दगडफोडे, पण मांड्या वाळवण्यात गावात त्यांचा शब्द शेवटचा. गेल्या दोन हिवाळ्यांत वारा पडलेलाच राहिला, मांड्यांना बुरशी धरली. म्हणून फेब्रुवारीत द्रेयत्सने कोठडीत पंखा बसवला. बाबा म्हणाले, "वाऱ्याला पिन लागत नाही." द्रेयत्स म्हणाला, "मग तुमच्या वाऱ्यालाच सांगा यायला." एकातून दुसरं निघालं. बाबांना आम्ही दोघं लहानपणापासून अहो-जाहो करतो. त्या दिवशी त्याने त्यांना अरे-तुरे केलं. तीन आठवडे दोघं एका अंगणात राहून बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात बाबा पडले.

सोमवारी प्रयोगशाळेत मी डबीला केबल लावली. ती यंत्रं आपल्या शेवटच्या शंभर गोष्टी लक्षात ठेवतात, पण ते वाचायचं साधन कंपनीकडे आणि आमच्याकडेच असतं. पडद्यावर ओळी आल्या, शरदातल्या चाचणीनंतर थेट बाबा गेले त्या दिवसाच्या. पहिली, बुधवार, दहा वाजून बारा मिनिटं : दोरी धरली, मदत, पट्टा व्यस्त, थांबलो. दुसरी, दहा चौदा. मग दहा पंधरा. मी खाली खाली जात राहिले. शेवटची तीन चव्वेचाळीस. मी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. त्रेसष्ट.

यंत्राने प्रत्येक वेळी ऐकलं होतं. पंख्याची शीळ ऐकून त्याला वाटलं होतं, कोणीतरी बोलतंय. आणि मी शिकवल्याप्रमाणे ते आपली पाळी येण्याची वाट बघत थांबलं होतं. वरच्या पट्ट्यात असतं तर पंखा कितीही ओरडला असता तरी पहिल्याच ओढीला फोन गेला असता. हेही मी तपासून पाहिलं. तसाच रेग्युलेटर मागवला, झ्वोन्कोंचं पहिलं यंत्र कपाटातून काढलं, दोन्ही एका तारेवर लावली. फोन गेला. दहा वेळा केलं, दहाही वेळा गेला.

मी मशीन बंद केलं आणि जेवायच्या खोलीत जाऊन डबा खाल्ला. बटाट्याची कोशिंबीर होती. चव लागली नाही, पण संपवली.

सांगायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. सांगायचं असंही ठरवलं नाही. पाच दिवस गेले. मी कामाला जात होते, बसमध्ये उभी राहत होते, शेजारणीच्या मांजराला खायला घालत होते. डोक्यात हिशोब स्वच्छ होता. ओळी दाखवल्या तर द्रेयत्सला कळेल की बाबांनी त्याला हाक मारली. पण ती कोणी अडवली हेही कळेल. नाही दाखवल्या तर डबी माझ्या कपाटात पडून राहील आणि कोणाला कधीच काही कळणार नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी देणारीही मीच. हे सगळं मला दिसत होतं आणि टोचत नव्हतं. तेच मला भयंकर वाटायचं, म्हणजे वाटायला हवं असं वाटायचं.

शनिवारी द्रेयत्सचा फोन आला.

"दगडावरच्या नावांचं विचारायला कारागीर आला होता," तो म्हणाला. बाबांनी थडग्याचा दगड स्वतःच कधीचा घडवून ठेवला होता. त्यावर आईचं नाव, स्वतःचं, आणि खाली द्रेयत्ससाठी सोडलेली कोरी जागा. मी ल्युब्लियानाची झाले, माझी सोय तिकडे. "मी त्याला सांगितलं, खालची जागा भरून टाक. द्राक्षांचा वेल कोर नाहीतर काहीही."

"का?"

"का म्हणजे? जो माणूस मरताना मला बोलवत नाही, त्याच्या शेजारी जाऊन कशाला झोपू? नको होतो मी त्यांना. झालं."

"कारागिराला थांबव."

"का?"

"उद्या येते मी. तोवर थांबव."

रविवारी सकाळी मी खालच्या घरात पोचले. द्रेयत्सने दाढी केली नव्हती. त्याने कॉफी उकळली, दोन कप ओतले आणि गाळ खाली बसायची वाट बघत समोर बसला. मी ओळी छापून आणल्या होत्या. दोन पानं. टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"दोरीच्या डबीत होतं. बाबांनी दोरी ओढली होती, द्रेयत्स."

त्याने कप खाली ठेवला.

"त्रेसष्ट वेळा. दहा बारापासून तीन चव्वेचाळीसपर्यंत. प्रत्येक वेळी मदतीची. म्हणजे तुझी. पहिला नंबर तुझाच आहे तिच्यात." माझा आवाज अहवाल वाचताना असतो तसा होता. "फोन गेला नाही, कारण तारेवर पंख्याची शीळ होती आणि यंत्र तिच्यामुळे थांबून राहिलं. पण दोष पंख्याचा नाही. ते यंत्र आधी वेगळ्या पट्ट्यात होतं, तिथे थांबावं लागत नाही. तिथून मी ते खाली आणायला लावलं. दिवा आणि घंटा होती म्हणून. मालक नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. तिथेच राहू दिलं असतं तर दहा बाराला तुझा फोन वाजला असता. मी करून पाहिलंय."

मी थांबले. आता तो ओरडेल असं मला वाटलं. कप फेकेल, निदान उठून जाईल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने खिशातून चष्मा काढला, लावला, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"दहा बारा," तो म्हणाला. "मी सेझानात. पोस्टात रांगेत होतो." बोट खाली सरकलं. "दहा चौदा, दहा पंधरा, दहा वीस. पोस्टातच. अकरा पाच. गाडीत." तो मोठ्याने वाचत राहिला, तिसरीत असताना वाचायचा तसा, एकेक शब्द ढकलत. "बारा चाळीस. घरी आलो होतो. इथेच, या टेबलावर जेवत होतो. एक दहा. एक अकरा. एक अकरा, पुन्हा." दुसरं पान घेतलं. "दोन तीस. कोठडीत होतो, मांड्या उलट्या टांगत होतो. तीन वीस. तीन एकतीस. तीन चव्वेचाळीस."

बोट तिथेच राहिलं.

"तीन चव्वेचाळीसला मी अंगणात पिंपं धूत होतो. नळीने. न्हाणीघराच्या खिडकीखाली."

"हो."

"त्यांना ऐकू येत असणार."

"येत असणार."

"म्हणजे त्यांना माहीत होतं मी आहे. मी इथेच आहे, हे माहीत होतं, म्हणून ओढत राहिले." त्याने चष्मा काढला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो रडायला लागला, पण तोंडावर हसूही होतं. बारशाला माणसं हसतात तसं. "मिलोयका, त्यांना राग नव्हता गं. त्रेसष्ट वेळा! ज्याच्यावर राग आहे त्याला माणूस तीनदा बोलावतो, चारदा बोलावतो. त्रेसष्ट वेळा नाही बोलावत."

"नाही बोलावत," मी म्हटलं.

"मला बोलावत होते."

"द्रेयत्स, मी काय सांगितलं ते ऐकलंस ना? पट्टा मी बदलायला..."

"ऐकलं, ऐकलं." त्याने हाताने माशी उडवल्यासारखं केलं. पानं घडी करून शर्टाच्या खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा शेवटची ओळ पाहिली. मग उठून भिंतीवरचा फोन काढला. क्रासमध्ये अजून तारेचे फोन आहेत.

"आत्या? मी द्रेयत्स. नाही, झोपलो होतो नीट. आत्या, ऐक, बाबांनी मला बोलावलं होतं. हो! त्रेसष्ट वेळा. कागदावर आहे. मिलोयका घेऊन आली. मिनिटासकट." त्याचा आवाज भरून आला होता. "नाही, नाही, राग नव्हता. दगडाचं मी आज सांगतो कारागिराला, जागा तशीच राहू दे म्हणून."

मी टेबलाच्या कडेला धरून बसले होते. बोटं पांढरी झालेली दिसली, तेव्हा कळलं की धरून बसलेय. पलीकडून आत्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग द्रेयत्सने फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"आत्या विचारतेय, इतक्या वेळा ओढली तर फोन का नाही वाजला?"

मी म्हटलं, "सांग तिला. मिलोयकाने वाजू दिला नाही."

माझ्या तोंडून ते निघालं आणि छातीत काहीतरी दुखलं, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. द्रेयत्सने फोनवरचा हात काढला.

"यंत्र बिघडलं होतं, आत्या," तो म्हणाला.